लक्झरी गाडी पुढच्या चाकांची असली तर बिघडलं कुठे?

वाचकाचं पत्र

नमस्कार. तीस वर्षं साध्याच गाड्या चालवल्या. निवृत्तीला आता दोन वर्षं उरली आहेत, म्हणून एकदाच, मनासारखी, मोठ्या नावाची गाडी घ्यायचं ठरवलं. शोध दोन गाड्यांवर येऊन थांबलाय. पहिली आरामासाठी नावाजलेल्या कंपनीची प्रशस्त सेडान आहे. ताकद दोनशे हॉर्सपॉवरच्या आसपास, पण गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना. दुसरी रिअर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे मागच्या चाकांना जोर देणारी सेडान आहे. तिची कंपनी 'चालवायला मजा येते' म्हणून ओळखली जाते, पण मागची सीट जरा अडचणीची आहे. पत्नीला आणि ८१ वर्षांच्या आईला पहिली आवडली. आईचे गुडघे दुखतात आणि तिला दर आठवड्याला उपचारांसाठी न्यावं लागतं. मेहुण्यांना गाड्यांतलं बरंच कळतं. ते म्हणाले, 'पुढच्या चाकांवर चालते ती लक्झरी गाडी नव्हेच. साध्या गाडीवर महागाचा बिल्ला लावलाय.' तेव्हापासून बुकिंग अडलंय. गाडी मीच चालवतो. महिन्यातून एकदा लांबचा प्रवास असतो, कधी चौघं, कधी पाचजण. लक्झरी नावाला फ्रंट-व्हील ड्राइव्ह शोभते का, की मी फसतोय?

उत्तर

नमस्कार,

आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवतो. तुम्ही फसत नाही आहात. तुमच्या गरजा आणि त्या गाडीची ताकद पाहता फ्रंट-व्हील ड्राइव्ह तिला शोभते, चांगली शोभते. पण मेहुण्यांचं म्हणणंही हवेतलं नाही. ते जे म्हणतात ते काही गाड्यांच्या बाबतीत अगदी खरं आहे, त्यामुळे 'त्यांचं ऐकू नका' एवढं सांगून मी मोकळा होणार नाही. कुठे शोभते आणि कुठे शोभत नाही, हे तुमचं तुम्हाला उमगलं, तर सही करताना मन खाणार नाही.

'लक्झरी गाडी नव्हेच' हे मात्र मला मान्य नाही. अमेरिकेत १९२९ साली कॉर्ड एल-२९ आली, ती श्रीमंतांचीच गाडी होती. पुढची चाकं गाडी ओढत असल्याने मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट तिच्या फरशीखाली नव्हता. त्यामुळे सगळी बॉडी खाली बसवता आली, आणि तिचं देखणेपण त्या बुटक्या, लांबलचक आकारातच होतं. १९५५ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात सित्रोएनने डीएस मांडली. तीही पुढच्या चाकांची. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल याच गाडीतून फिरत. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी चालकाने गाडी हातची जाऊ न देता तिथून बाहेर काढली. एका देशाचा प्रमुख ज्या गाडीत बसत होता, तिला लक्झरी म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात मला एकदा डीएसमध्ये मागे बसायला मिळालं. गाडी उभी होती तेव्हा जमिनीला टेकल्यासारखी दिसत होती. मालकाने इंजिन सुरू केलं, आणि झोपलेलं जनावर उठावं तशी ती हळूहळू उभी राहिली. तिच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगांच्या जागी तेल आणि वायू काम करतात. मैदानाच्या खडबडीत वाटेवरून आम्ही एक फेरी मारली. समोरच्या गाड्या डुलताना दिसत होत्या, आमच्या पायाखालच्या जाड गालिच्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता. माझे पाय सरळ पसरलेले होते, मध्ये कुठे उंचवटा नाही. तिचं चार सिलिंडरचं इंजिन आधीच्या जुन्या गाडीवरूनच पुढे आलेलं होतं. आवाज करायचं, ताकदही बेताची. तरी त्या वेळी कोणती चाकं ओढतायत हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की ही फेरी संपू नये.

मग मेहुण्यांसारखे जाणकार लोक नाक का मुरडतात? त्यालाही कारण आहे, आणि ते कारण कंपन्यांनीच दिलंय.

१९५९ साली मिनी आली. जेमतेम तीन मीटर लांबीची ती गाडी, पण इंजिन आडवं बसवून आणि पुढची चाकं फिरवून तिने चार माणसांची सोय केली. ही युक्ती छोट्या, स्वस्त गाड्यांनी उचलली आणि सत्तरच्या दशकात पेट्रोल महागल्यावर ती जगभर पसरली. आडवं इंजिन, त्याच्या शेजारी गिअरबॉक्स, सगळी यंत्रणा एकाच ठिकाणी. जागा वाचते, वजन वाचतं, कारखान्यात जोडायला सोपं जातं. साध्या गाड्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह झाल्या त्या याच कारणाने. पुढे महागड्या नावांनाही मोह झाला की साध्या गाडीचाच सांगाडा घ्यावा, त्यावर चामड्याच्या सीट आणि आपला बिल्ला चढवावा. कॅडिलॅकने १९८२ च्या मॉडेलसाठी सिमरॉन काढली. शेव्हरोलेच्या कॅव्हेलिअर या साध्या गाडीची ती बहीण. सुरुवातीला इंजिन १.८ लिटरचं, चार सिलिंडरचं. लोक शोरूममध्ये आले, बसले आणि ओळखून चुकले. आजही 'नाव कसं घालवावं' याचं उदाहरण म्हणून हीच गाडी पुढे केली जाते. मेहुण्यांच्या डोळ्यांसमोर अशीच एखादी गाडी असणार, आणि तिच्याबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत.

पण हे लक्षात घ्या, कॅडिलॅकची फ्रंट-व्हील ड्राइव्हची सुरुवात सिमरॉनने झालेली नव्हती. १९६७ ची एल्डोराडो पुढच्याच चाकांची होती. १९७० मध्ये तिच्यात ८.२ लिटरचं व्ही-८ इंजिन आलं. लांबरुंद, सपाट फरशीची, तोऱ्यात चालणारी ती गाडी लोकांनी हौसेने घेतली. 'ही पुढच्या चाकांची आहे' म्हणून तिला कुणी हलकं लेखलं नाही. चाकं तीच, कंपनी तीच, मग एक गाडी शोभली आणि दुसरी का शोभली नाही? एल्डोराडो घडवताना हात आखडता घेतला नव्हता, सिमरॉनच्या वेळी तो घेतला होता.

माझं सगळं म्हणणं या जोडीत आहे. अजून एक जोडी सांगतो, कारण ती तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळची आहे. लेक्ससने १९८९ साली दोन गाड्यांनिशी दुकान मांडलं. मोठी एलएस ४००, मागच्या चाकांची, कोऱ्या कागदावरून घडवलेली. धाकटी ईएस २५०, पुढच्या चाकांची, टोयोटा कॅमरीच्या सांगाड्यावर उभी. मेहुण्यांच्या हिशेबाने धाकटी टिकायलाच नको होती. पण ईएस पिढ्यानपिढ्या चालत आली आणि लेक्ससच्या भरवशाच्या गाड्यांत गणली जाते. तिने कधी 'मला वळणावर उडवून बघा' असं सांगितलं नाही. शांत बसा, आवाज येणार नाही, मागे पाय पसरा, वर्षानुवर्षं त्रास होणार नाही, एवढाच शब्द तिने दिला. पुढच्या चाकांवर तो शब्द पाळता येतो.

आता यंत्राकडे येऊ. मेहुण्यांचा खरा मुद्दा इथे आहे, आणि तुम्ही स्वतः चालवणार असल्याने तो तुम्हाला समजलाच पाहिजे.

टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे खिशातले मोजके पैसे समजा. गाडी ओढायला थोडे खर्च होतात, वळवायला थोडे. मागच्या चाकांच्या गाडीत ढकलण्याचा खर्च मागचे टायर करतात आणि वळवण्याचा पुढचे. पुढच्या चाकांच्या गाडीत दोन्ही खर्च एकाच खिशातून होतात. हळू चालवताना खिसा भरलेला असतो, काही जाणवत नाही. पण वळणात जोरात अॅक्सिलरेटर दाबला की पैसे संपतात आणि गाडी वळायच्याऐवजी सरळ जायला बघते. त्यात भर म्हणजे जोर लावला की गाडी मागे दबते, नाक किंचित उचललं जातं आणि वजन मागच्या चाकांवर जातं. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी ओढणाऱ्या चाकांवरचा भार कमी होतो. मागच्या चाकांच्या गाडीत याच्या उलट होतं, जोर लावाल तशी पकड वाढते. महागडी आणि दांडगी गाडी वर्षानुवर्षं मागच्या चाकांची राहिली, त्यामागे हे साधं गणित आहे.

दुसरी गोष्ट स्टिअरिंगची. आडव्या इंजिनाच्या शेजारी गिअरबॉक्स असल्याने चाकांकडे जाणारे दोन अर्धे शाफ्ट सारखे नसतात, एक आखूड, एक लांब. जोर आला की दोन चाकं वेगवेगळी ओढतात आणि स्टिअरिंग हाताला हिसका देतं. याला टॉर्क स्टिअर म्हणतात. एका चौकातला माझा अनुभव सांगतो. गाडी नवी, मोठ्या नावाची, टर्बो इंजिनाची, पुढच्या चाकांची. कोणत्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही. नुकताच पाऊस पडून गेला होता. उजवीकडे वळून चढावर लागायचं होतं. समोरून येणाऱ्या गाड्यांत फट दिसली म्हणून स्टिअरिंग वळवलेलं असतानाच पाय दाबला. आतलं चाक जागच्या जागी सर्रकन फिरलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, इलेक्ट्रॉनिक्सने इंजिनाचा गळा आवळला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध क्षणभर थबकली. पुढच्या क्षणी पकड मिळाली आणि स्टिअरिंग झटक्याने हातातून निसटू पाहू लागलं. अपघात झाला नाही. पण शेजारी बसलेल्या माझ्या काकांनी दाराची मूठ घट्ट धरली होती, आणि ती त्यांनी पुढचा अर्धा किलोमीटर सोडली नाही. एवढ्या मोलाच्या गाडीत पाहुण्याला मूठ धरावी लागावी, याचं मला फार वाईट वाटलं.

यावर उपाय आहेत, पण ते फुकट मिळत नाहीत. मध्ये एक जादा शाफ्ट घालून दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या करता येतात. चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष चाकाच्या मध्याजवळ आणणारी वेगळी रचनाही करता येते. २०१० च्या सुमाराला ब्युइकच्या लाक्रॉसमध्ये ती आली होती. फोर्डच्या २००९ च्या फोकस आरएससारख्या ३०० हॉर्सपॉवरच्या गाडीतही असाच उपाय केला होता, आणि तो बऱ्यापैकी चालला. तेव्हा 'पुढच्या चाकांना ताकद झेपतच नाही' असं कुणी म्हणालं, तर ते आता जुनं झालं. माझा स्वतःचा अंदाज असा की अडीचशे हॉर्सपॉवरच्या आत, शांतपणे चालवल्या जाणाऱ्या गाडीत हा प्रश्न क्वचितच डोकं वर काढतो. त्यापुढे मात्र कंपनीने एकतर असल्या भागांवर खर्च करावा किंवा चारही चाकांना ताकद द्यावी. ऑडीने दुसरी वाट धरली. पुढच्या चाकांच्या गाड्या बनवत असतानाच १९८० मध्ये त्यांनी क्वाट्रो आणली आणि ताकदवान गाड्यांपुरता प्रश्न सोडवून टाकला. तुमची गाडी दोनशेच्या आसपास आहे. तुम्ही रेषेच्या अलीकडे आहात.

आता तुमच्या दुसऱ्या गाडीबद्दल. रिअर-व्हील ड्राइव्हचं कौतुक करण्यात मेहुणे चुकत नाहीत. चालवणाऱ्याच्या हाताला तिचं स्टिअरिंग स्वच्छ लागतं, कारण पुढच्या चाकांना दुसरं काही काम नसतं. पुढे आडवं इंजिन नसल्याने चाकांना जास्त वळायला जागा मिळते आणि अरुंद जागेत गाडी पटकन फिरते. दिसण्यातही फरक पडतो. पुढच्या वेळी दोन्ही गाड्यांच्या बाजूला उभे राहा आणि पुढच्या चाकाच्या मागच्या कडेपासून दाराच्या फटीपर्यंतचं अंतर हाताने मोजा. मागच्या चाकांच्या गाडीत तिथे आरामात वीतभर जागा असते, आडव्या इंजिनाच्या गाडीत चाक दाराला खेटलेलं असतं. बोनेट लांब आणि चाक पुढे असलेला तो डौल आपल्या डोळ्यांत इतकी वर्षं भरलाय की कारण माहीत नसलं तरी 'ही भारी दिसते' असं आपण म्हणून जातो. ऑडीने २००७ च्या सुमाराला ए५ आणि पाठोपाठ ए४ मध्ये पुढचा अक्ष सुमारे १५ सेंटिमीटर पुढे सरकवला. पुढचं नाक जड आणि लांब असण्याचा दोष त्यामुळे कमी झाला आणि गाडीला डौलही आला.

पण या सगळ्यातलं चालकाला प्रत्यक्षात किती जाणवतं? बीएमडब्ल्यूच्या प्रमुखांनी २०१० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या पाहणीत १ सीरिजच्या ८० टक्के मालकांना आपली गाडी पुढच्या चाकांची वाटत होती. ती तेव्हा मागच्या चाकांची होती! हा आकडा वाचून अनेक चाहते चिडले. मला त्यात वेगळंच दिसलं. त्या मालकांना गाडीतून जे हवं होतं ते त्यांना मिळत होतं, चाकांचा हिशेब त्यांनी कधी मागितलाच नव्हता. पुढे २०१४ ला बीएमडब्ल्यूने २ सीरिज अॅक्टिव्ह टूरर ही आपल्या नावाची पहिली पुढच्या चाकांची गाडी आणली आणि २०१९ पासून १ सीरिजही तशीच झाली. मर्सिडीजने तर १९९७ च्या ए-क्लासपासूनच ही वाट धरली होती.

इथे मी मेहुण्यांच्या बाजूने एक शब्द बोलेन. ज्या कंपनीने आयुष्यभर 'चालवण्यातला आनंद' विकला, तिच्या गाडीकडून माणूस तोच मागणार. अशा कंपनीच्या पुढच्या चाकांच्या धाकट्या गाडीला मी जास्त कडक मापाने मोजतो. आरामाचा शब्द देणाऱ्या कंपनीला ते माप लागू होत नाही. तुमची पहिली गाडी दुसऱ्या प्रकारातली आहे. मेहुणे तिला पहिल्या प्रकाराच्या फुटपट्टीने मोजतायत, एवढंच झालंय.

मग 'साध्या गाडीवर बिल्ला' आहे की नाही, हे कसं ओळखायचं? माहितीपत्रक बाजूला ठेवा. पुन्हा टेस्ट ड्राइव्ह मागा, निदान तासाभराची, आणि आईंना बरोबर न्या.

सुरुवातीला पुढे बसू नका. मागे, मधल्या जागी बसा. पुढच्या चाकांच्या गाडीत फरशी सपाट असायला हवी, पण तसं नेहमी नसतं. त्याच मॉडेलची चारही चाकांची आवृत्ती निघत असेल, तर मधला उंचवटा तसाच ठेवलेला असतो. पाचजण प्रवास करणार असाल तर मधल्या माणसाचे पाय कुठे जातात ते तिथेच कळेल. पुढच्या चाकांची गाडी घेऊन हा फायदाही मिळत नसेल, तर सेल्समनला तसं स्पष्ट सांगा.

मग चालकाच्या जागी या. इंजिन सुरू, एसी सुरू, गिअर 'डी' मध्ये, पाय ब्रेकवर. दोन्ही तळवे स्टिअरिंगवर हलके टेकवा आणि मिनिटभर बसा. आडवं इंजिन त्याच्या माउंटिंगवर, म्हणजे ते ज्यांवर बसवलेलं असतं त्या आधारांवर, पुढे-मागे झुलतं, आणि तो झोका गाडी जाते त्याच दिशेने बसतो म्हणून माणसाला लवकर कळतो. चांगल्या कंपनीने माउंटिंगवर पैसे घातले असतील तर हाताला जवळजवळ काहीच लागणार नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं तेव्हा मान हलते का, ते बघा. लक्झरी आणि साधी गाडी यांच्यातला फरक मला नेहमी या एका क्षणात सापडतो. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे मी विचारतसुद्धा नाही.

त्यानंतर मोकळा रस्ता पाहून, स्टिअरिंग थोडं वळवलेलं असताना, थांबलेल्या स्थितीतून नेहमीपेक्षा जरा जोरात निघा. हिसका येतो का, चाक सर्रकन फिरतं का, हे पाहा. वाटेत चढ असेल तर तिथे थांबून पुन्हा निघा, गाडीत सगळे बसलेले असताना. भरलेली गाडी चढावर पुढच्या चाकांना सगळ्यात अवघड जाते, कारण माणसं आणि सामान मागे, उतारही मागे, आणि ओढणारी चाकं पुढे. तुमचा महिन्याचा प्रवास ओल्या, उभ्या चढांचा किंवा खूप बर्फाचा असेल, तर त्याच गाडीची चारही चाकांची आवृत्ती बघा. सपाट रस्त्यावरच्या साध्या ओल्यात, अगदी थोड्या बर्फातही, इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवर असल्याने तुमची गाडी मेहुण्यांच्या आवडत्या गाडीपेक्षा सहज निघेल. आणि टायर ऋतूला साजेसे नसतील, तर दोन्ही गाड्या सारख्याच अडकतील.

शेवटी एक यू-टर्न मारा. तुमच्या घराजवळ, रुग्णालयाच्या दारात, जिथे रोजचं वळणं आहे तिथे. एका दमात होत नसेल तर रोज होणारी ती मागे-पुढे तुम्हाला चालेल का, हे तुम्हीच ठरवा. मला स्वतःला हा दोष स्टिअरिंगच्या हिसक्यापेक्षा जास्त खटकतो, कारण हिसका वर्षातून दोनदा येतो आणि पार्किंग रोज करावं लागतं.

देखभालीचं थोडक्यात. पुढचे टायर लवकर झिजतील, ओढणं, वळणं आणि बरंचसं ब्रेकिंग त्यांच्याच अंगावर असतं. सर्व्हिसिंगला पुढचे-मागचे बदलून घेत जा. काही वर्षांनी पूर्ण वळवून हळू चालवताना पुढून कटकट आवाज येऊ लागला, तर सीव्ही जॉइंटचं, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचं, रबरी बूट फाटलंय का ते बघायला सांगा. बूट वेळेवर बदललं तर काम थोडक्यात होतं, ग्रीस उडून जॉइंटच गेला तर मोठं होतं.

तुम्ही इलेक्ट्रिकबद्दल विचारलं नाहीत, पण बुकिंगआधी मन तिकडे वळलं तर एक गोष्ट माहीत असू द्या. तिथे माझा सल्ला उलटा आहे. विजेची मोटर छोटी असते, मागच्या अक्षावर बसवली तरी फरशी सपाटच राहते. म्हणजे पुढच्या चाकांचा जागेचा फायदा तिथे उरत नाही, आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते म्हणून पकडीचा प्रश्न वाढतो. व्होल्वोने इतकी वर्षं पुढच्या चाकांवर काढली, पण २०२३ साली आपल्या इलेक्ट्रिक एक्ससी४० च्या एका मोटरच्या आवृत्तीत त्या कंपनीनेही मोटर मागे नेली. तेव्हा इलेक्ट्रिक लक्झरी गाडी एकाच मोटरची घेणार असाल, तर मोटर कुठल्या अक्षावर आहे हे विचाराच, आणि मागे असेल तर बरं समजा.

राहता राहिले मेहुणे. त्यांच्याशी वाद घालू नका. गाडीवर त्यांचं प्रेम आहे आणि तुमचे पैसे वाया जाऊ नयेत ही कळकळही आहे. त्यांना त्या तासाभराच्या टेस्ट ड्राइव्हला बरोबर घ्या, आणि परतीच्या वाटेवर त्यांना मागे, आईंच्या शेजारी बसवा. नव्या गाडीत ते मागे बसतात असं क्वचितच घडत असेल. आई काय म्हणतात ते त्यांना तिथे थेट ऐकू येईल.

आणि घरी पोचल्यावर इंजिन लगेच बंद करून उतरू नका. आरशातून मागे लक्ष ठेवा. आईंना दार नीट उघडता आलं का, पाय बाहेर काढताना गुडघा कुठे अडला का, सीटवरून उठताना कुणाचा हात धरावा लागला का. हात न धरता उतरल्या, तर दुसऱ्या दिवशी जाऊन बुकिंग करा. धरावा लागला, तर मात्र चाकांचा विषय सोडा आणि थोड्या उंच सीटची गाडी शोधा. मग ती पुढच्या चाकांची असो वा मागच्या.